रोज योगा करते, तरी चिडचिड का होते?

मागच्या पावसाळ्यात एक ताई आल्या होत्या, पंचेचाळिशीच्या पुढच्या, नोकरी करणाऱ्या (ओळखू येऊ नये म्हणून थोडे तपशील बदललेत). बसल्या बसल्या मोबाईल पुढे केला, योगाच्या अ‍ॅपवर ११२ दिवसांची सलग हजेरी. "मॅडम एकही दिवस चुकवला नाही, तरी सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला की डोकं फिरतं, मुलगी म्हणते आई तुझ्या योगाचा उपयोग काय. माझ्यातच काही खोट आहे का?"

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणी घेऊन येतात की काय सांगू.

आधी झोप, पाळी, थायरॉईड, चालू गोळ्या सगळं विचारून घेतलं, कारण योगा सुरू केला म्हणून परस्पर गोळ्या सोडणारेही भेटतात आणि ते मला अजिबात पटत नाही. त्यांचे रिपोर्ट नॉर्मल होते. मग म्हटलं एखादं आसन दाखवा बरं. त्यांनी पर्वतासन केलं, म्हणजे हात-पाय जमिनीवर आणि कंबर वर, टाच टेकवायचा असा काही जोर की दात आवळलेले, कपाळाला आठ्या, श्वास तर धरूनच ठेवलेला. आत्ता मनात काय आलं विचारलं तर म्हणाल्या, "टाच टेकत नाही. इन्स्टावरच्या बाईची टेकते."

तिथेच मला धागा सापडला. पतंजलींच्या योगसूत्रांत दोनशेच्या आसपास सूत्रं आहेत, त्यात आसनावर जेमतेम ३, आणि त्यातलं पहिलंच म्हणतं स्थिरसुखमासनम्, म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, टाचेचा विषयच नाही! योग म्हणजे काय ते तर दुसऱ्याच सूत्रात सांगून टाकलंय, योगश्चित्तवृत्तिनिरोधः, मनात उठणाऱ्या लाटा थांबणं. शरीर कशाला हवं तर त्या लाटा बघत नीट बसता यावं म्हणून. पुढे १५व्या शतकातल्या हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथातही आसनं १५च आहेत आणि पुस्तक जाऊन थांबतं ते समाधीवर. आज क्लासला आपण उभ्याने जे वाकतो-वळतो त्यातलं बरंचसं १९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात योगगुरू कृष्णमाचार्य शिकवायचे त्या काळात रुळलं. वाईट नाहीये ते, माझे गुडघे त्याच्यावरच चालतात. पण त्याला मार्क लावून घेतले की योगा पण ऑफिसच होतं, आणि ताई रोज सकाळी सहाला स्वतःचं अप्रेझल करत होत्या.

खोट वगैरे काही नाही हे पटवायला मी गीतेचा सहावा अध्याय काढला. अर्जुन म्हणतो मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. कृष्ण त्याला तुझं काहीतरी चुकतंय असं म्हणत नाही, आधी कबूलच करतो की हो, मन चंचलच आहे, आणि मग अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा सराव, आणि वैराग्य म्हणजे ओढ सोडणं, हे सांगतो.

अ‍ॅप तीन आठवडे बंद ठेवायला सांगितलं. खुर्चीत ताठ बसायचं, दहा मिनिटं, राग आला तर कुठे जाणवतो ते बघायचं, जबड्यात की छातीत. दुसऱ्या वेळी आल्या तेव्हा म्हणाल्या, टीव्हीचा आवाज वाढला की आधी जबडा आवळतो आणि मग तोंडातून शब्द जातात, मध्ये थोडी जागा असते. आवाज कमी झालेला नाही हां!

मग पतंजलींचंच पुढचं सांगितलं, सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल मुदिता म्हणजे आनंद, वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा म्हणजे त्यात मन न अडकवणं. ताई थोडा वेळ गप्पच.

"म्हणजे नणंदेने नवीन फ्लॅट घेतला तर तिच्याशी पण मैत्री?"

म्हटलं, हो.

"मग मॅडम, शीर्षासन परवडलं."