अपोलोच्या चांद्रयानात खुर्च्या का नव्हत्या?

प्रश्न : अपोलो मोहिमांच्या छायाचित्रांत चंद्रावर उतरलेले यान सोनेरी कागदात गुंडाळलेल्या ओबडधोबड खोक्यासारखे दिसते. त्यात अंतराळवीरांना बसायला खुर्च्याही नव्हत्या, असे वाचनात आले. एवढ्या मोठ्या कामात ही उणीव कशी राहिली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : खुर्च्या आरंभीच्या आराखड्यात होत्या, त्या विचारपूर्वक काढून टाकण्यात आल्या, आणि माझ्या मते या यानाच्या बांधणीतला तो सर्वांत शहाणा निर्णय होता.

१९६२च्या नोव्हेंबरात नासाने हे काम न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बेथपेज येथे असलेल्या ग्रमन या विमाने बांधणाऱ्या कंपनीकडे सोपवले. मुख्य अभियंता थॉमस केली तेव्हा तिशीत होते. केवळ निर्वात अवकाशात चालणारे माणसांचे यान त्यापूर्वी कोणीच बांधलेले नव्हते. हवेतून जायचे नसल्यामुळे त्याला निमुळते नाक, पंख किंवा गुळगुळीत अंग यांपैकी कशाचीच गरज नव्हती, त्यामुळे आतल्या टाक्या आणि यंत्रे जशी बसली तसाच बाहेरचा आकार ठरत गेला. आपल्याला दिसतो तो सोनेरी कागद म्हणजे उष्णतेपासून रक्षण करणाऱ्या अतिशय पातळ पटलांचे अनेक थर आहेत.

खरी अडचण वजनाची होती. पहिल्या आराखड्यात अंतराळवीर खुर्च्यांवर बसणार होते, आणि बसलेल्या माणसाला खाली उतरण्याची जागा दिसावी म्हणून काचेच्या मोठमोठ्या खिडक्या ठेवल्या होत्या. काच जड, तिची चौकट जड, आणि त्यात खुर्च्यांची भर. मग असा विचार पुढे आला की, चंद्रावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश असल्यामुळे उतरताना बसणारा धक्का उभ्या माणसाचे पाय सहज सोसतील. उभा माणूस खिडकीच्या अगदी जवळ जाऊ शकतो, आणि डोळा काचेजवळ गेला की लहानशा त्रिकोणी खिडकीतूनही तेवढाच मोठा परिसर दिसतो. अशा रीतीने एका बदलाने खुर्च्या गेल्या, काच घटली, केबिन आटोपशीर झाली आणि दिसणेही सुधारले. अंतराळवीरांना जागेवर धरून ठेवण्यासाठी दोऱ्यांचे ताण आणि मुठी पुरेशा ठरल्या.

लाकडी आणि धातूच्या पूर्णाकृती प्रतिकृती करून त्यांत अंतराळवीरांना पोशाखासह वावरायला लावण्याची पद्धतही अशीच फलदायी ठरली. बाहेर पडण्याचे दार आधी गोल होते; अंतराळवीराच्या पाठीवरचा प्राणवायू पुरवणारा चौकोनी संच त्यातून नीट जाईना, म्हणून दार चौकोनी झाले. गाठी मारलेल्या दोरावरून उतरण्याची कल्पनाही करून पाहिल्यावर सोडून द्यावी लागली आणि शिडी आली. पाच पायांचे आराखड्यात चार झाले.

एवढे करूनही वजन वाढतच राहिले. १९६५मध्ये वजन घटवण्याची खास मोहीम हाती घेण्यात आली. केबिनच्या ॲल्युमिनियमच्या भिंती रसायनाने झिजवून काही ठिकाणी जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीपर्यंत आणल्या गेल्या. तरीही माणसांना प्रथमच चंद्रावर उतरवणारे ‘ईगल’ हे यान निघाले तेव्हा ते सुमारे १५ टनांचे होते आणि त्यातले दहा टनांहून अधिक निव्वळ इंधन होते.

चंद्रावरून परत उचलणाऱ्या इंजिनाबाबत मात्र केवळ वजनाचा विचार चालणारा नव्हता, कारण ते एकच होते आणि ते पेटले नाही तर सुटकेचा दुसरा मार्ग नव्हता. म्हणून त्यात पंप नव्हता आणि ठिणगी पाडण्याची सोयही नव्हती: हीलियमच्या दाबाने दोन द्रव एकत्र येत आणि परस्परांच्या स्पर्शानेच पेट घेत. ज्या भागावर जीव अवलंबून आहे, त्यातून बिघडू शकेल असे जे जे काढता येईल ते काढायचे, हा तो विचार मला आजही फार मोलाचा वाटतो.

काम सुरळीत झाले, असे मात्र समजू नका. १९६७च्या जूनमध्ये पहिले यान फ्लोरिडातील प्रक्षेपणतळावर पोचले, तेव्हा त्याच्या इंधनवाहिन्यांच्या जोडांत गळती आढळली आणि ती दुरुस्त करण्यात महिने गेले. त्याचे निर्मनुष्य उड्डाण १९६८च्या जानेवारीत झाले. १९६७च्याच डिसेंबरात बेथपेज येथे पाचव्या यानाच्या केबिनमध्ये प्रथमच हवेचा दाब भरला जात असताना त्याची एक खिडकी फुटली. १९६९च्या २० जुलैला नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन ज्या यानाच्या खिडक्यांशी उभे राहून चंद्रावर उतरले, ते हेच पाचवे यान.