कासवांच्या बाहेरच्या घरावर 'यूव्ही प्रोटेक्टेड' पॉलिकार्बोनेट टाकलं तर चालेल का?

'यूव्ही प्रोटेक्टेड' म्हणून पत्रा विकणारा दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण तो पत्र्याच्या तब्येतीबद्दल बोलतोय, कासवाच्या नाही. तुम्ही विचारलंय की जमिनीवरच्या कासवांच्या घरावर 'यूव्ही प्रोटेक्टेड' पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) टाकलं तर खाली त्यांना उन्हातलं यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांतला आखूड लहरींचा भाग, मिळेल का. नाही मिळणार. पॉलिकार्बोनेट मुळातच साधारण ३८० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचं जवळपास सगळं शोषून घेतं. शिवाय ते पिवळं पडू नये म्हणून वरच्या अंगाला यूव्ही अडवणारा आणखी एक पातळ थर दिलेला असतो. संरक्षक फिल्मवर 'ही बाजू वर' असं छापलेलं असतं ना, ती त्या थराचीच बाजू. म्हणजे पत्र्यावर 'यूव्ही प्रोटेक्टेड' हे शब्द जितके ठळक, तितकी खाली कासवाची उपासमार पक्की.

कासवाला लागतात ते २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण, आणि त्यातलेही आखूड बाजूचे जास्त कामाचे. कातडीतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलचं या किरणांनी प्रीव्हिटॅमिन डी३ होतं आणि मग अंगातल्या उबेने त्याचं व्हिटॅमिन डी३. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही; हाडं ठिसूळ होतात, वाढत्या पिल्लांचं कवच दाबलं तर दबतं. तोंडावाटे डी३ देता येतं, पण त्याचा अतिरेक होऊ शकतो. उन्हाने तयार होणाऱ्याचा होत नाही, कारण जास्तीचं प्रीव्हिटॅमिन तेच ऊन मोडून निरुपद्रवी करून टाकतं.

आता साहित्य. खिडकीची साधी काच यूव्हीए (अतिनीलमधल्या लांब लहरी) बऱ्यापैकी सोडते, यूव्हीबी जवळजवळ नाही. फायबरग्लासचे पन्हाळी पत्रे या कामाचे नाहीत. अ‍ॅक्रिलिकचं प्रकरण मात्र गमतीचं आहे. शुद्ध अ‍ॅक्रिलिक यूव्हीबी छान सोडतं, पण बाजारातल्या बऱ्याच पत्र्यांत यूव्ही शोषणारं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. दोन पत्रे शेजारी ठेवले तर डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही. म्हणून 'अ‍ॅक्रिलिक आहे' एवढ्यावर पैसे देऊ नका. 'यूव्ही ट्रान्समिटिंग' (यूव्ही आरपार सोडणारा) असं स्पष्ट लिहिलेलाच प्रकार मागा. प्लेक्सिग्लासचा ऑलटॉप हा दुपदरी पत्रा यासाठीच ओळखला जातो. पोकळ कप्प्यांमुळे तो थोडी ऊबही धरून ठेवतो. तिसरा पर्याय ईटीएफई या पारदर्शक प्लास्टिक फिल्मचा. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला ईडन प्रोजेक्ट ही वनस्पतींची मोठी घुमटघरं असलेली बाग २००१ साली सुरू झाला, त्याचे घुमट याच फिल्मच्या हवा भरलेल्या उशांचे आहेत. यूव्ही सोडण्यात आणि ऊनपाऊस झेलण्यात ती पहिल्या नंबरची, पण तिला चौकटीत ताणून बसवावं लागतं, पावसात ती ताशासारखी वाजते आणि एखाद्या मांजराने वर उडी मारली तर नख्यांनी फाटू शकते. छोट्या घराला मी अ‍ॅक्रिलिकच घेईन.

घेण्याआधी तुकडा मोजा. माझ्याकडे सोलरमीटर ६.५ आहे, तो थेट यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या यूव्हीच्या तीव्रतेचा आकडा, दाखवतो. भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली, मीटरचं तोंड सूर्याकडे धरून आधी उघड्यावरचा आकडा घ्यायचा आणि लगेच मध्ये तुकडा धरून दुसरा. बाहेर ६ च्या आसपास दाखवणारा मीटर पॉलिकार्बोनेटमागे तडक शून्यावर येतो, आणि तेवढ्यात तुमच्या हाताला ऊन मात्र तसंच चटके देत असतं. फसगत होते ती इथेच. तुकडा पुरेसा मोठा घ्या, नाहीतर कडेने येणारा आकाशाचा प्रकाश आकडा फुगवतो. विखुरलेल्या प्रकाशातही यूव्हीबीचा वाटा मोठा असतो.

नोटा तपासायचा दिवा, रंग बदलणारे मणी किंवा कार्डं यावर भिस्त ठेवू नका. त्यांचा संबंध बहुतेक यूव्हीएशीच असतो. एखादं प्लास्टिक यूव्हीए भरपूर सोडून यूव्हीबी पूर्ण अडवू शकतं, तरी मणी मात्र झकास रंगतात.

पण मुळात तुम्हाला असा महागडा पत्रा लागतो का, हे आधी बघा, कारण बऱ्याच जणांना तो लागत नाही. कासव सकाळी घरात ऊब घेऊन बाहेरच्या मोकळ्या वाफ्यात जात असेल आणि तिथेच ऊन खात असेल, तर निवाऱ्याचं छत लाकडी असलं तरी बिघडत नाही. मोकळ्या भागावर जाळी असेल तर ती जितकी जागा झाकते साधारण तितकंच ऊन कापते, म्हणून भोकं मोठी आणि तार बारीक असू द्या. पत्र्याचा प्रश्न येतो तो थंड हवामानातल्या वसंतात, जेव्हा कासव दिवस दिवस काचघरातून हलत नाही. तिथे पॉलिकार्बोनेट असेल तर कासव उबेत आनंदाने बसतं आणि यूव्हीबी मिळतं शून्य. उलट, हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा उघड्यावरच यूव्हीबी नगण्य असतं, कोणताही पत्रा ते कुठून आणणार? भर दुपारी तुमची सावली तुमच्याहून लांब पडत असेल तर त्या दिवसाचं ऊन या हिशेबात फारसं धरू नका. तेव्हा आतला यूव्हीबी दिवाच खरा.

उन्हाळ्यात याच घराची भट्टी होते. कासवाला घाम येत नाही, आणि बंद पारदर्शक पेटीत ते लवकर दगावतं. त्यामुळे पत्र्याचा खर्च करताना गरम हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेचा विसरू नका. मेणाच्या नळीवर आपोआप उघडणारी झडप मिळते, तिला वीज लागत नाही. आत दाट सावलीचा एक कोपरा आणि कायम उघडं बाहेरचं दार, हे त्यातही हवंच.

बसवताना एक सांभाळा: अ‍ॅक्रिलिक उष्णतेने बरंच फुगतं. दोन मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकात ५ मिलिमीटरहून जास्त लांब होतो. स्क्रूचं भोक स्क्रूएवढंच पाडलंत तर तिथूनच तडा जाईल, म्हणून भोक मोठं पाडा, रबरी वॉशर लावा आणि फार आवळू नका. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. स्पिरिट किंवा काच पुसायचे अमोनियावाले द्रव लावले तर बारीक तडे जातात. शेवाळ आणि धूळ साचू देऊ नका, चांगल्या पत्र्यालाही ती आंधळा करते. वर्षातून एकदा त्याच जागी, तशाच स्वच्छ दुपारी मीटर धरा आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघा. तुमच्या हाती आत्ता पत्र्याचे दोन-तीन नमुने असतील तर मीटर कुणाकडून मागून आणा आणि पैसे द्यायच्या आधीच त्यांच्याखाली धरून बघा.