जुन्या डावांवरून शिकणारा प्रतिस्पर्धी

प्रश्न : मी एकटाच एक छोटा स्ट्रॅटेजी गेम बनवतो आहे. संगणकाने जुने डाव आठवून खेळावं, म्हणून केस-बेस्ड रीझनिंग (आताच्या स्थितीशी सर्वांत जुळणारी जुनी नोंद शोधून तिच्यातली चाल वापरणं) वापरलं. दर सेकंदाची स्थिती साठवत गेलो. आता ४०,००० नोंदी झाल्या आहेत, पण गेम अडखळतो आणि प्रतिस्पर्धी भलत्याच वेळी हल्ला करतो. हे सोडून न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून आपली आकडेमोड स्वतःच जुळवत शिकणारा प्रोग्रॅम) घेऊ का?

उत्तर : इतक्यात सोडू नका. तुमची पद्धत बरोबर आहे, नोंदी मात्र चुकीच्या जागी घेतल्या आहेत. दर सेकंदाला नोंद घेतली की शेजारशेजारच्या शेकडो नोंदी जवळपास सारख्याच निघतात. निर्णय बदलला तेव्हाचीच नोंद ठेवा: स्थिती काय होती, काय केलं, त्यातून काय निष्पन्न झालं. यातलं तिसरं नसेल तर हरलेल्या डावातली चालही तो विश्वासाने पुन्हा खेळेल.

२००५ मध्ये डेव्हिड अहा, मॅथ्यू मोलिनो आणि मार्क पॉन्सेन या संशोधकांनी वॉर्गस या गेमवर हेच तंत्र वापरलं. कोणत्या इमारती उभ्या आहेत त्यावरून त्यांनी डावाचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यावर पुढचा डावपेच जुन्या अनुभवांवरून निवडला. दर सेकंदाला नव्हे, टप्पा बदलला की. तुमचं अडखळणंही बरंचसं इथेच थांबेल. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रं) म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सगळा साठा धुंडाळायचा कशाला?

भलत्या वेळच्या हल्ल्याचं कारण मला तुमच्या साम्य मोजण्यात दिसतं, कारण मी स्वतः त्यात तीन आठवडे घालवले आहेत. माझ्या गेममध्ये सोनं हजारांत होतं आणि बराकी चारच्या आत. दोन स्थितींत ६०० सोन्याचा फरक आणि २ बराकींचा फरक मी सरळ बेरजेत घेतला. बराकी हिशेबातून गायबच झाल्या! सैन्य नसतानाही केवळ सोनं जुळलं म्हणून हल्ला व्हायचा. प्रत्येक फरकाला त्याच्या कमाल पल्ल्याने भागा. सोन्याचा पल्ला ५,००० असेल तर ६०० चे ०.१२ होतात, आणि ४ पैकी २ बराकींचे ०.५. मग कशाला किती वजन, म्हणजे महत्त्व, द्यायचं ते खेळून ठरवा. माझ्याकडे शत्रूच्या सैन्याचं वजन सर्वांत जास्त ठेवावं लागलं.

जुनी चाल जशीच्या तशी उचलू नका, ती जुळवून घ्यावी लागते. मी नकाशावरच्या जागांचे आकडे साठवले होते, आणि नकाशा बदलताच शिपाई रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. ‘शत्रूची सर्वांत जवळची खाण’ असं साठवल्यावर तीच नोंद नव्या नकाशावरही चालली. आमोट आणि प्लाझा या संशोधकांनी १९९४ मध्ये या पद्धतीचं शोधा, वापरा, सुधारा, साठवा असं चक्र मांडलं; त्यात हे जुळवून घेणं ‘वापरा’ या टप्प्यात येतं, आणि गेम बनवणाऱ्यांकडून तेच सर्वाधिक सुटतं, असं माझं मत आहे.

न्यूरल नेटवर्क वाईट नाही. पण एकट्याने काम करणाऱ्याला ही पद्धत मी मनापासून सुचवतो, कारण चूक कुठून आली ते उघड दिसतं. प्रत्येक चालीशेजारी निवडलेल्या नोंदीचा क्रमांक लॉगमध्ये (गेम चालताना काय घडलं ते टिपणाऱ्या फाइलमध्ये) लिहा. चुकीचा हल्ला झाला की ती नोंद उघडून तिची आताच्या स्थितीशी तुलना करा. नोंदच वाईट असेल तर ती काढा. नोंद चांगली असून चुकीच्या वेळी निवडली गेली असेल तर वजनं बदला.