विडी-सिगारेटला कधी हातही न लावलेल्या आईला क्रॉनिक ब्रॉन्कायटिस कसा झाला? पंपाची सवय लागते का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय बासष्ट, माहेर जुन्नरकडचं, लग्नानंतर बरीच वर्षं कसबा पेठेतल्या वाड्यात गेली आणि आता धायरीला फ्लॅटमध्ये राहता. दिवाळी झाली की खोकला सुरू होतो तो शिमग्यापर्यंत हटत नाही, सकाळी उठल्याउठल्या बेडके पडतात. डॉक्टरांनी पंप (तोंडाने औषध ओढायचा इनहेलर) लिहून दिलाय, पण ‘एकदा घेतला की कायमचा मागे लागतो’ म्हणून त्या घेत नाहीत. मी पुण्यात फुफ्फुसांच्या चाचण्या करते. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे. पण तुमच्या आईंसारख्या बायका माझ्यासमोरच्या खुर्चीत रोज बसतात, म्हणून सविस्तर लिहिते.

चाचणीआधी आम्ही विचारतो, ‘विडी, सिगारेट, तंबाखू?’ बायका मान हलवतात आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं जातं. बऱ्याच ठिकाणी चौकशी तिथेच संपते. मी पुढे विचारते, ‘चुलीपुढे किती वर्षं बसलात?’ मग खरी माहिती निघते. दहाव्या-बाराव्या वर्षापासून भाकऱ्या थापणं, गोवऱ्या, तुराट्या, पावसाळ्यात ओलं सरपण. विझत आलेली चूल फुंकणीने फुंकायची म्हणजे आधी छाती भरून श्वास घ्यायचा, तोही धुरातच. वाड्यात आल्यावर रॉकेलचा स्टोव्ह आला, पण अंघोळीच्या पाण्याचा बंब लाकडावर, नाहीतर भुशाची शेगडी. खोलीला खिडकी एक, तीही बोळात उघडणारी. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं होतं. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटेत कायमचा अडथळा आणणारा जुनाट आजार, मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यात लाकूड-शेणाच्या धुराचा वाटा फार मोठा आहे.

आत काय होतं ते सांगते. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला अगदी बारीक केस असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि चिकट स्राव वर घशाकडे ढकलतात. वर्षानुवर्षं धूर गेला की हे केस मंदावतात, झडतात. उलट कफ तयार करणाऱ्या ग्रंथी मोठ्या होतात. कफ जास्त आणि तो वर आणणारं कुणी नाही, मग खोकून काढण्यावाचून शरीराला पर्याय राहत नाही. रात्रभर साचलेला कफ सकाळी पडतो. सलग दोन वर्षं, वर्षातले निदान तीन महिने कफाचा खोकला असेल आणि दुसरं काही कारण सापडत नसेल, तर त्याला क्रॉनिक ब्रॉन्कायटिस म्हणतात. तीन-चार आठवड्यांत बरा होणारा ब्रॉन्कायटिस वेगळा. तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि त्याला अँटिबायोटिकचा सहसा उपयोग नसतो.

पुढे नळ्या जाड होऊन अरुंद होतात. काहींच्या फुफ्फुसांतल्या वायुकोशांच्या भिंतीही विरतात. त्याला एम्फिसीमा म्हणतात. दोन्ही मिळून सीओपीडी. यात त्रास असतो तो हवा बाहेर सोडताना. जुनी हवा आत अडकून राहते, त्यामुळे नवी घ्यायला जागाच उरत नाही.

म्हणून आधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची चाचणी, करून घ्या, झाली नसेल तर. छातीचा एक्स-रे सुरुवातीला बऱ्याचदा स्वच्छ येतो, त्यावर निर्धास्त राहू नका. खोल श्वास घेऊन नळीत जोरात फुंकायचं असतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, हे यंत्र मोजतं. पंप देऊन पुन्हा फुंकल्यावरही पहिल्या सेकंदाचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली राहिला, तर नळ्यांत कायमचा अडथळा आहे. दम्यात पंपानंतर आकडा बहुधा चांगला सुधारतो, औषधं वेगळी लागतात, म्हणून हा फरक कळायलाच हवा. बेडक्याची टीबीसाठी तपासणीही करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. दोन आठवड्यांपुढचा कुठलाही खोकला तपासायचाच असतो. पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर तेही सांगा, बऱ्या झालेल्या टीबीचे व्रणसुद्धा पुढे धाप लावतात.

परिणामांबद्दल एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. ‘दम लागतो का?’ विचारलं की बायका ‘नाही’ म्हणतात. ‘मंडईत जाता का?’ विचारलं की कळतं, ‘आता नाही जात, मुलगाच आणतो भाजी.’ दम लागू नये म्हणून त्यांनी चालणंच कमी केलेलं असतं. जिना टाळला, देवळात जाणं बंद झालं, पायातली ताकद गेली, मग थोड्या श्रमानेही धाप लागते. जेवताना दम लागतो म्हणून जेवण कमी, वजन उतरतं, मन खचतं. वर्षातून एक-दोनदा आजार उफाळतो आणि प्रत्येक वेळी फुफ्फुसांची ताकद थोडी आणखी जाते. शेवटी हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन पाय सुजतात. तुमच्या आई अजून खूप अलीकडे आहेत, म्हणूनच हे आत्ता सांगतेय.

आता पंप. त्याची सवय लागत नाही. साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध. त्याच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, तर त्याच औषधाच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस दाबांइतकं. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थेट जिथे लागतं तिथे पोचतं. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच घ्यायला शिकवा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून गुळण्या करायच्या. मी बऱ्याच जणींना पंप दाबताना पाहिलंय, अर्धं औषध जिभेवरच पडतं आणि मग ‘गुण येत नाही’ म्हणतात. त्यामुळे पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवायला सांगा.

घरात काय जळतं ते तपासा. डासांच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं. बंद खोलीत रात्रभर कॉइल, ही माझ्या मते आपल्या घरांतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. मच्छरदाणी लावा. उदबत्ती-धूप त्यांच्या खोलीत नको, फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट सुरू ठेवा. हिवाळ्यात पुण्याची थंड हवा डोंगरांमधल्या खोलगट भागात खालीच साचते, त्यात पहाटेच्या शेकोट्या आणि जाळलेला पालापाचोळा. त्यांना चालायला जरूर न्या, पण ऊन वर आल्यावर. फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तेव्हा.

पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, त्या गुंगीत वाटत असतील किंवा ऑक्सिमीटर ८८ च्या खाली जात असेल, तर पंपावर वेळ काढू नका, लगेच रुग्णालयात न्या. पुढे कधी घरी ऑक्सिजन लागलाच, तर मनाने फ्लो वाढवू नका. या आजारात साधारण ८८ ते ९२ पुरतं, त्याहून जास्त दिला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी वाढते.