तुमचा प्रश्न : टोरंटोत स्वीडनच्या खेळाडूचा पुतळा का?

प्रश्न : माझा मुलगा टोरंटोत नोकरीला आहे. तिथल्या आइस हॉकीच्या स्टेडियमबाहेर मेपल लीफ्स संघाच्या जुन्या खेळाडूंचे पुतळे आहेत. त्यांतल्या एकाचा फोटो त्याने पाठवला. खेळाडूचं नाव बोर्ये साल्मिंग, देश स्वीडन. इंटरनेटवर पाहिलं तर या गृहस्थाने स्टॅन्ली कप, म्हणजे तिथल्या आइस हॉकी लीगचं अजिंक्यपद, एकदाही जिंकलेला नाही. मग पुतळा कशासाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कपाचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. साल्मिंग 1973 ते 1989 असे सोळा मोसम लीफ्सकडून खेळला आणि त्या काळात संघ एकदाही अंतिम फेरीत पोचला नाही. तरीही त्याच्यावाचून ती पुतळ्यांची रांग मला अपुरी वाटली असती.

त्याचा जन्म 1951चा, स्वीडनच्या पार उत्तरेला, किरुना या लोहखनिजाच्या गावाजवळ. वडिलांकडून तो सामी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. तो पाच वर्षांचा असताना वडील खाणीतल्या अपघातात गेले. थोरला भाऊ स्टिग हॉकी खेळायचा. पुढे येव्ले शहरातल्या ब्रिनेस क्लबकडून खेळताना बोर्येने 1971 आणि 1972 अशी लागोपाठ दोन वर्षं स्वीडनचं अजिंक्यपद मिळवलं.

1972च्या नाताळात लीफ्ससाठी नवे खेळाडू हेरणारे जेरी मॅकनमारा एका गोलरक्षकाचा खेळ पाहायला स्वीडनला गेले होते. ब्रिनेसचा सामना एका कॅनेडियन संघाशी होता. साल्मिंग पंचांच्या अंगावर गेला म्हणून त्याला सामन्यातून काढलं. मॅकनमारांनी ड्रेसिंग रूम गाठली आणि टोरंटोला येशील का, असं विचारलं. पुढच्या मोसमात तो आणि इंगे हमरस्ट्रॉम असे दोघे स्वीडिश लीफ्सच्या निळ्या जर्सीत उतरले.

तेव्हा एनएचएलमध्ये, म्हणजे लीफ्स खेळतात त्या उत्तर अमेरिकेच्या लीगमध्ये, युरोपातला खेळाडू म्हणजे अपवादच. 1965मध्ये उल्फ स्टर्नर न्यू यॉर्ककडून चार सामने खेळून परतला होता. पास सुंदर देतात, पण मार खाल्ला की गळपटतात, असं युरोपीय खेळाडूंबद्दल उघड बोललं जायचं. त्यात तिथलं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, युरोपातल्यापेक्षा चार मीटर अरुंद. जागा कमी, म्हणून धडका जास्त. साल्मिंगचा दुसराच सामना फिलाडेल्फियाशी होता, आणि त्या काळात दांडगाईत त्या संघाचा हात कोणी धरू शकत नव्हतं. काठ्या बसल्या, मारामारी झाली. तो मागे हटला नाही.

मी त्या वर्षांत टोरंटोत राहत होते. शनिवारी संध्याकाळी इमारतीतल्या प्रत्येक घरात टीव्हीवर लीफ्सचाच सामना चालू असायचा. हॉकीचे नियम मला शेजारच्या आजींनी शिकवले आणि पाहायचं कुणाकडे, तर एकवीस नंबरच्या जर्सीकडे, हेही त्यांनीच सांगितलं. पक म्हणजे पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची टणक रबरी चकती. ती सुसाट येत असताना साल्मिंग बर्फावर आडवा पडून अंगावर झेलायचा. लगेच उठून तीच पक घेऊन समोरच्या गोलापर्यंत स्वतः मुसंडी मारायचा. बचावपटू असा पुढे जाऊ शकतो, हे मी त्याच्यामुळे पाहिलं. परक्या देशात नव्याने राहू पाहणाऱ्या माझ्यासारखीला तो आपला वाटायचा, हे मी लपवणार नाही.

1976मध्ये कॅनडा कप या देशादेशांच्या स्पर्धेतला कॅनडा-स्वीडन सामना टोरंटोतच झाला. साल्मिंगच्या अंगावर स्वीडनची पिवळी जर्सी होती, म्हणजे त्या रात्री तो प्रतिस्पर्धी. नाव पुकारलं गेलं आणि प्रेक्षक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर तिथेच आहे. त्या शहराने त्याला तेव्हाच आपला मानला होता.

पुढची वर्षं सोपी नव्हती. 1978मध्ये न्यू यॉर्क आयलंडर्सविरुद्धच्या मालिकेत डोळ्याला काठी लागली. संघ जिंकला, पण उपांत्य फेरीत तो नव्हता आणि लीफ्स माँट्रियलकडून हरले. मालक हॅरल्ड बॅलर्ड यांच्या लहरी कारभारात चांगले खेळाडू एकेक करून गेले, साल्मिंग राहिला. पूर्वी कोकेन घेतल्याची त्याने मुलाखतीत कबुली दिली, तेव्हा 1986मध्ये आठ सामने बाहेर बसावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोलासमोरच्या झटापटीत स्केटचं पातं चेहऱ्यावरून फिरलं. दोनशेहून अधिक टाके पडले. तो त्याच मोसमात पुन्हा खेळला.

शेवटचा मोसम डेट्रॉइटकडून. एनएचएलमध्ये एकूण 1,148 सामने, 150 गोल, 637 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला लावलेला हातभार. मग स्टॉकहोमचा एआयके क्लब, आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी 1992चं ऑलिंपिक. 1996मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जागा मिळवणारा तो पहिला स्वीडिश खेळाडू.

2022मध्ये त्याला एएलएस हा स्नायू निकामी करत नेणारा आजार झाल्याचं जाहीर झालं. नोव्हेंबरमध्ये तो टोरंटोला आला. बोलता येत नव्हतं. 12 तारखेच्या सामन्यात लीफ्सने सुरुवातीला बर्फावर उतरवलेले सहाही खेळाडू स्वीडिश होते. 24 नोव्हेंबरला तो गेला. 1973मध्ये दोघे आले होते, त्या सामन्यात अख्खी फळी उभी राहिली. कप न जिंकलेल्या माणसाची याहून मोठी कमाई मला माहीत नाही.

प्रश्न : मी पुण्यात रोलर हॉकी खेळते, बचावात असते. साल्मिंगचे जुने सामने पाहून शिकू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : जरूर पाहा, पण चकतीसमोर आडवं पडायला लगेच शिकू नकोस. त्याआधी निक्लास लिडस्ट्रॉम पाहा. तोही स्वीडिश, 1991 ते 2012 डेट्रॉइटकडून खेळला. चार स्टॅन्ली कप आणि सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी सात वेळा. तो धडक फारशी देत नसे. काठी कुठे ठेवतो आणि समोरच्याला कोपऱ्याकडे कसा वळवतो, तेवढंच बघ. चकती कुठे आहे ते काही वेळ विसरून फक्त त्याच्या पायांकडे लक्ष दे.