अ‍ॅडॅप्टरचा दिवा लागतो, पण बॅटरी भरत नाही

प्रश्न : मुलीच्या लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं छापलंय. दिवा लागतो, पण चार्जिंग होत नाही. वायर वाकवून धरली तर कधीतरी होतं. दुकानदार नवा घ्या म्हणतात. घ्यावा का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी दोष कुठे आहे ते बघा. दिवा अ‍ॅडॅप्टरच्या डबीवर असेल तर तो पुढच्या वायरीबद्दल काहीच सांगत नाही. वायर वाकवल्यावर फरक पडतो, म्हणजे बहुतेक पिनेच्या रबरी बुडाशी तांब्याच्या तारा तुटल्यात, नाहीतर लॅपटॉपचा जॅक (पिन घालायचं भोक) सैल झालाय. पिन घट्ट धरून फक्त वायर हलवा. मग वायर धरून पिन हलवा. वायर हलवल्यावर चार्जिंग येत-जात असेल तर दोष तारेत, पिन हलवल्यावर येत-जात असेल तर बहुधा जॅकमध्ये.

मग मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) डीसी २०० व्होल्टवर ठेवा. पिन जॅकमधून काढून लाल टोक पिनेच्या नळीत आतून, काळं बाहेरून टेकवा. आकडा १९ ते २० दरम्यान स्थिर हवा. वायर हलवताना तो उडाला, तर तार तुटलेलीच आहे. पण आकडा बरोबर आला म्हणून अ‍ॅडॅप्टर चांगला ठरत नाही. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे दोन-चार तारा शाबूत असल्या तरी १९.५ दिसतात आणि लॅपटॉपचा लोड पडला की व्होल्टेज कोसळतं. पिनेजवळ वायर गरम लागते का, हेही बघा.

डेल, एचपीच्या अनेक पिनांत मधोमध बारीक सुई असते. तिचं काम अ‍ॅडॅप्टर किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला कळवणं. तिची तार तुटली की लॅपटॉप चालतो, पण मंदावतो आणि बॅटरी भरत नाही. मोजताना मीटरचं टोक सुई आणि नळी या दोन्हींना एकदम लागू देऊ नका. ओळख देणारी चिप जळू शकते.

वायरच तुटली असेल तर बुडाच्या मागे कापून नवी पिन डाग देऊन बसवता येते. तारांच्या रंगावर विसंबू नका, जुन्या पिनेवर कंटिन्यूटी (कोणती तार पिनेच्या कुठल्या भागाला जोडलेली आहे) तपासूनच जोडायला सांगा. डबी मात्र घरी उघडू नये: आतल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकू शकतात. नवा घ्यावाच लागला, तर व्होल्ट आणि पिन तीच, अँपिअर ३.३४ किंवा जास्त.

प्रश्न : चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुधा तुमच्या लॅपटॉपला अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत नेणारी तार) मिळत नाही. अ‍ॅडॅप्टरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून जाणारा सूक्ष्म करंट एरवी अर्थमधून उतरतो. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला असेल तर आधी तो काढा. तरीही मुंग्या आल्या तर वायरमनला सॉकेटमधल्या फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यातलं, तसंच फेज आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन्हीकडे २३०च्या आसपास, जवळजवळ सारखंच व्होल्टेज यायला हवं. सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून देतो म्हणाला, तर ठाम नकार द्या. न्यूट्रल तुटली की लॅपटॉपच्या अंगावर थेट २३० व्होल्ट येऊ शकतात.