दीडपट वेगातला नायक

प्रश्न : मी डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जाते. जाऊन-येऊन अडीच तास. लोकलमध्ये पुस्तक उघडायला कोपर हलवता येत नाही, म्हणून भाचीने सुचवलेली एक इंग्रजी प्रेमकादंबरी ऐकायला घेतली. दहा तासांची आहे, लवकर संपावी म्हणून दीडपट वेगाने लावते. एक प्रकरण नायिका सांगते, पुढचं नायक. त्याच्या प्रकरणात नायिका बोलू लागली की तो वाचणारा असा पातळ आवाज काढतो की मला हसूच येतं. दोघंही उथळ वाटतात. भाची हेच पुस्तक वाचून रडली म्हणे! माझं काही चुकतंय का? शिवाय परवा फोन आपोआप घरातल्या स्पीकरला जोडला गेला. सासूबाई हरिपाठ ऐकायला बसल्या होत्या. काय ऐकू आलं ते लिहीत नाही.

उत्तर : शेवटचं आधी. फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून तो स्पीकर आजच काढून टाका. सासूबाईंना काही समजावायला जाऊ नका, त्यांना कळायचं ते कळलंय.

आता वेग. दहा तासांचं पुस्तक पावणेसात तासांत उरकतं, म्हणजे तुमच्या तीन दिवसांत. पण वेग वाढवला की नुसते शब्द पळत नाहीत, मधली शांतताही आक्रसते. तीन सेकंदांचा थांबा दोनवर येतो. खुनाची कथा असती तर मी काही बोलले नसते, त्या मी स्वतः सव्वापटीने ऐकते. प्रेमकथेत मात्र त्याने विचारलं आणि तिने उत्तर द्यायला वेळ लावला, एवढंच कित्येकदा घडत असतं. तेच तुम्ही कापलंत.

इंग्रजीत तर हे जास्तच जाणवतं. आपल्याकडे नायिका ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली की वाचकाला कळतं, गाडी कुठे पोचली. इंग्रजीत पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत ‘यू’च. छापील पुस्तकात तो फरक आपण मनात भरून घेतो, ऐकताना तो वाचणाऱ्याच्या आवाजातच यावा लागतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब घालून पडून असायची, तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. एका नायिकेने ‘यू’ इतक्या हळू म्हटलं की मी तीस सेकंद मागे जाऊन पुन्हा ऐकलं. (पुढे जायचं तीस सेकंदांचं बटणही मी वापरते, प्रसंग फारच उघडे झाले की. एकदा ते दोन वेळा जास्त दाबलं गेलं आणि लग्नाची मागणीच निसटली.)

पातळ आवाजाचं म्हणाल तर त्यात तुमचा दोष नाही. तुमच्या पुस्तकाची पद्धत अशी की प्रकरण ज्याचं, त्यानेच त्यातली सगळी पात्रं बोलायची. दुसऱ्या पद्धतीत नायिकेचं वाक्य कुठेही आलं तरी तिची प्रकरणं वाचणारीच ते म्हणते, एखाद्या श्रुतिकेसारखं. इंग्रजीत पहिलीला ‘ड्युअल’ आणि दुसरीला ‘ड्युएट’ म्हणतात. पुढच्या वेळी घेण्याआधी पुस्तकाच्या माहितीत यातला कोणता शब्द आहे ते बघा आणि नमुना ऐका. नमुना बहुधा सुरुवातीचा असतो, त्यात कदाचित नायिकाच भेटेल आणि नायकाचा आवाज पैसे भरल्यावर कळेल. जमलं तर त्याचंही एखादं प्रकरण शोधून ऐका. चांगला वाचणारा बाईचा आवाज काढत नाही. तो आपलाच आवाज जरा मऊ करतो, बस्स.

हे पुस्तक सोडू नका, पण पहिल्यापासूनही ऐकू नका. भाचीला विचारा, ती नेमकी कुठे रडली. तेवढं प्रकरण मूळ वेगाने लावा, खिडकी मिळेल त्या दिवशी. उभ्याने नको. आणि ते नायकाचं प्रकरण निघालं, तर भाचीकडून छापील पुस्तक मागून घ्या.